पैशाच्या खेळाचं अ‍ॅप फोनमधून काढताना: डिलीट सगळ्यांत शेवटी

"मावशी, अ‍ॅप डिलीट करून टाकलं, आता सुटलो," असं सांगत जो कोणी माझ्याकडे येतो, त्याला मी एकच विचारते: डिलीट करायच्या आधी व्यवहारांची यादी उतरवून घेतलीस का? अजून एकानेही हो म्हटलेलं नाही.

इंदूरला राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर या आपल्या वस्त्यांमध्ये मी सात-आठ घरांत या कामासाठी बसले आहे. बँकेत काउंटरवर नोकरी केल्यामुळे स्टेटमेंट वाचायची सवय आहे, म्हणून लोक बोलावतात. प्रत्येक घरात चूक तीच असते: जी पायरी शेवटची, ती पहिली झालेली असते. हरल्याच्या रात्री संतापाने अ‍ॅप उडवलं जातं. वॉलेटमध्ये अडकलेले पैसे, एजंटाशी झालेलं बोलणं, कोणत्या खात्यात किती पाठवले याचा माग, सगळं त्याबरोबर नजरेआड होतं. ऑटोपे, म्हणजे खात्यातून ठरावीक वेळी आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी, मात्र चालूच राहते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पैसे जातात.

तीन पत्ती, रमी, रुलेट, अंदर-बाहर, विमान उडवण्याचा तो खेळ, रंगांवर पैसे लावण्याचा खेळ, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतलेली 'आयडी' (म्हणजे एजंटाने सट्ट्याच्या साइटवर उघडून दिलेलं खातं), यांतलं काहीही फोनवर असेल तर पुढचा क्रम चालतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांच्यासाठी पैशांची ने-आण करणं या कायद्याने गुन्हा ठरवलं आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्यात उरलेला नाही. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. हे आधीच सांगते, कारण पोलिसांच्या भीतीने लोक महिनोन्महिने गप्प बसतात.

सावध: गेल्या एक-दोन दिवसांत तुमची थेट फसवणूक झाली असेल, म्हणजे पैसे भरून घेतले आणि आयडी बंद केली, किंवा खात्यातून तुम्ही न केलेला व्यवहार झाला, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात. बाकीच्या पायऱ्या त्यानंतर.

१. तयारी: वेळ, माणूस, वही

किमान तीन तास मोकळे ठेवा. रात्री बसू नका. हरल्यानंतर किंवा जिंकल्यानंतर लगेच तर मुळीच नको. मला रविवारची सकाळ बरी वाटते. पोहे-जिलबी झाली की घरातले शांत असतात आणि बँकेच्या हेल्पलाइनवर रांगही कमी असते.

जवळ ठेवा: चार्जर, दुसरा फोन किंवा लॅपटॉप, पेन ड्राइव्ह, दोनशे पानी वही, सगळ्या खात्यांची पासबुकं आणि कार्डं. बँकेला आणि आधारला जोडलेला नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोनही हवा, कारण ओटीपी तिथेच येतील.

शेजारी एक माणूस हवाच. तो ओरडणारा नसावा. घरातले वडील संतापी असतील तर त्यांना या पायरीवर बोलावू नका, त्यांची वेळ पुढे येते. मोठी बहीण, वहिनी, एखादा समंजस मित्र चालेल. त्याचं काम लिहून घेणं आणि तुम्ही घाईने पुढची पायरी गाठू लागलात की थांबवणं, एवढंच. पिन आणि पासवर्ड त्यालाही सांगायचे नाहीत.

चूक इथेच सुरू होते ती अशी: फोन घेऊन जेल रोडवरच्या एखाद्या दुकानात जायचं आणि "सगळं साफ करून द्या" म्हणायचं. दुकानदार फोन फॅक्टरी रीसेट करून देतो. फोन कोरा होतो, पुरावाही जातो आणि बँकेकडच्या परवानग्या जशाच्या तशा राहतात. रीसेटने खात्यातला एकही ऑटोपे रद्द होत नाही.

२. पुरावे उतरवून घ्या

या पायरीत काहीच बंद करायचं नाही, कोणाला ब्लॉक करायचं नाही, लॉगआउटही व्हायचं नाही. फक्त उतरवायचं.

अ‍ॅप किंवा साइट उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या: तुमचं नाव आणि युजर आयडी दिसणारं पान, वॉलेटमधली शिल्लक (रोख किती, बोनस किती, हे वेगळं दिसेल असं), पैसे भरल्याची पूर्ण यादी, पैसे काढल्याची पूर्ण यादी, अडकलेल्या विनंत्या, बोनसच्या अटी. यादी लांब असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून हळूहळू खाली सरकवा. साइट असेल तर वरचा पत्ता चित्रात आलाच पाहिजे. हे पत्ते वरचेवर बदलतात. आज उघडतो तो पुढच्या आठवड्यात उघडेलच असं नाही.

मग चॅट. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या एजंटाचं चॅट उघडून 'एक्स्पोर्ट' करा आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवा. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर ती सोय आधी बंद करा. टेलिग्रामवर जास्त घाई करा, कारण तिथे समोरचा दोघांकडचंही बोलणं पुसू शकतो. एजंटाचा नंबर, त्याने दिलेले यूपीआय आयडी, क्यूआर कोडचे फोटो, खाते क्रमांक, चॅनेलचं नाव हे सगळं वहीतही लिहा. अ‍ॅप कुठून आलं तेही नोंदवा: प्ले स्टोअरवरून, की कोणी पाठवलेल्या एपीके फाइलमधून (प्ले स्टोअरला वळसा घालून थेट फोनवर टाकायची अ‍ॅपची फाइल)? पुढे पाचव्या पायरीला हे लागणार आहे.

तपासा: सगळं दुसऱ्या फोनवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरलं का? शेजारच्या माणसाला नुसती चित्रं बघून "कोणाला, कधी, किती" हे सांगता आलं पाहिजे. त्याला सांगता आलं नाही, तर ठाण्यातल्या शिपायालाही समजणार नाही.

३. हिशेब बँकेच्या कागदावरून करा

अ‍ॅपमधली यादी पुरावा म्हणून घेतली, पण हिशेब तिच्यावरून करायचा नाही. ती यादी 'जिंकलेले' म्हणून जो आकडा दाखवते, त्यात तुम्ही लावलेलेच पैसे परत आलेले असतात. शंभर लावले आणि साठ परत मिळाले, तरी पडद्यावर नाणी उडतात, ढोल वाजतो आणि साठ रुपये 'विन' म्हणून नोंदले जातात. चाळीस गेले, हे कुठेच येत नाही.

म्हणून बँकेचं निदान बारा महिन्यांचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवा, प्रत्येक खात्याचं वेगळं. क्रेडिट कार्डाचंही. वहीच्या पानावर पाच रकाने आखा: तारीख, रक्कम, कोणाला, यूटीआर क्रमांक (प्रत्येक व्यवहाराला बँक देते तो), कोणत्या अ‍ॅपसाठी. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो आणि तक्रारीत सगळ्यांत आधी तोच विचारतात. परत आलेल्या रकमांचं पान वेगळं ठेवा.

इथे गोंधळ होतो नावांचा. पैसे 'कॅसिनो' नावाच्या खात्यात जात नाहीत. स्टेटमेंटमध्ये दिसतं ते एखादं किराणा दुकान, 'ट्रेडर्स', 'एंटरप्रायझेस', नाहीतर अनोळखी माणसाचं नाव. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. म्हणून दुसऱ्या पायरीतली अ‍ॅपची यादी समोर ठेवून तारीख आणि रक्कम जुळवा. शंका आली तर ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाका, अंदाजाने भरू नका.

मित्राकडून उसने घेऊन भरलेले, बायकोच्या खात्यातून गेलेले, लोन अ‍ॅपवरून थेट आलेले पैसेही यात धरा. एका घरात मुलगा "तीसेक हजार गेले असतील" म्हणाला होता. संध्याकाळी बेरीज दोन लाख अकरा हजार निघाली. तो खोटं बोलत नव्हता. पाचशे-पाचशेचे व्यवहार माणूस मोजतच नाही.

४. वॉलेटमधली शिल्लक: एकदाच प्रयत्न करा

सगळ्यांत जास्त माणसं इथे परत घसरतात, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

फोनवरचा हा सगळा मांडव कसा बांधलेला असतो ते आधी बघा. पैसे भरायचं बटण मोठं, हिरवं, प्रत्येक पानावर; एका टिचकीत काम होतं. पैसे काढायचा रस्ता मेनूच्या पोटात, तीन-चार पानांमागे. विनंती टाकली की 'प्रक्रियेत आहे' असं येतं आणि त्याच ओळीत 'रद्द करून खेळत राहा' असं बटण ठेवलेलं असतं. ते चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास, मुद्दाम ठेवलेले असतात. तेवढ्या वेळात माणूस रात्री एकदा तरी विनंती रद्द करतो. अशा फसव्या मांडणीविरुद्ध केंद्र सरकारच्या ग्राहक प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात तेरा प्रकार नावानिशी दिले. त्यात सहज आत घ्यायचं आणि बाहेरचा रस्ता अवघड करायचा, हाही प्रकार आहे.

दुसरा अडसर बोनसचा. "पाचशेवर पाचशे मोफत" याच्या खाली बारीक अक्षरात 'तीस पट रोलओव्हर' लिहिलेलं असतं. म्हणजे पाचशेचा बोनस मोकळा व्हायला पंधरा हजारांचे डाव लावावे लागतात. एका शून्याच्या रुलेटमध्ये सदतीस घरं असतात आणि नेमका आकडा लागला तर एकास पस्तीस मिळतात. यात खेळवणाऱ्याचा वाटा दर डावामागे सुमारे २.७ टक्के पडतो. पंधरा हजारांच्या डावांवर सरासरी चारशे पाच रुपये तिथेच गेले. आणि हे चाक खरं असेल तेव्हाचं गणित. एपीकेमधून आलेल्या अ‍ॅपचं चाक कोणी तपासलेलं नसतं.

आता काय करायचं ते. बोनसवर पाणी सोडा. तो मोकळा करण्यासाठी एकही डाव लावू नका. रोख शिल्लक असेल तरच विनंती टाका.

भारतात नोंदलेल्या कंपनीचं अ‍ॅप असेल, म्हणजे पॅन आणि केवायसी झालेलं, आणि आता पैशाचे खेळ बंद केलेलं, तर अ‍ॅपमधूनच पूर्ण रोख शिल्लक स्वतःच्या खात्यात मागवा. निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर तेच कापून घेतात आणि तो तुमच्या पॅनवर दिसतो. रिटर्न भरताना तो दाखवायचा असतो, आणि एका खेळातला तोटा दुसऱ्या कमाईतून वजा होत नाही.

परदेशी साइट किंवा एजंटाची आयडी असेल तर माझा सल्ला वेगळा आहे. रक्कम दोन-चार हजारांची असेल तर सोडून द्या. ते पैसे कोणत्या खात्यातून येतील ते तुमच्या हातात नाही. त्या खात्यावर दुसऱ्या कुठल्या राज्यात फसवणुकीची तक्रार असेल, तर तिथून आलेल्या पैशांमुळे तुमच्या खात्यात तेवढी रक्कम अडकवली जाते, कधी पूर्ण खातंच गोठतं. असं झालेलं पगाराचं खातं सोडवायला मी एका घराबरोबर चार महिने फेऱ्या घातल्या आहेत. पैसे आले होते अठराशे. मोठी रक्कम असेल तर एकदाच विनंती टाका, स्क्रीनशॉट घ्या आणि एजंटाशी वाद न घालता आठव्या पायरीच्या तक्रारीत ती रक्कम लिहा.

सावध: "पैसे काढायला आधी टॅक्स भरा", "खातं व्हेरिफाय करायला दहा टक्के भरा", "तुमच्या मित्राच्या खात्यात पाठवतो, त्याचं पासबुक द्या" यांपैकी एकही वाक्य आलं की तिथेच थांबा. कर मिळणाऱ्या रकमेतून कापला जातो, तुमच्याकडून आगाऊ मागितला जात नाही. आणि स्वतःचं खातं, कार्ड किंवा सिम कोणाला वापरायला दिलंत तर मात्र तुम्ही खेळणारे राहत नाही, गुन्ह्यातले साथीदार होता.

५. पैसे जायचे रस्ते बंद करा

अ‍ॅप अजूनही फोनवरच आहे, हे लक्षात असू द्या.

आधी ऑटोपे. तुमच्याकडे जितकी यूपीआय अ‍ॅप्स आहेत तितकी एकेक करून उघडा. प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाचं पान असतं. त्यातली चालू यादी बघा आणि ओळखू न येणारं प्रत्येक मँडेट रद्द करा. विजेचं बिल, विमा, एसआयपी यांच्या ओळी चुकून उडवू नका. म्हणूनच शेजारचा माणूस वाचत असावा. मग बँकेच्या अ‍ॅपमध्येही तीच यादी पुन्हा बघा. कार्डावर घेतलेली आवर्ती परवानगी वेगळी असते, ती कार्डाच्या विभागात सापडते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असा आवर्ती व्यवहार होण्याच्या निदान चोवीस तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. हे मेसेज लोक जाहिरात समजून पुसतात. मागच्या तीन महिन्यांचे मेसेज चाळा.

मग कार्ड. बँकेच्या अ‍ॅपमधून ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करता येतात, मर्यादाही कमी करता येते. दोन्ही करा. यूपीआयची रोजची मर्यादा घरखर्चापुरती आणा. 'नंतर भरा' प्रकारची उधारी आणि यूपीआयला जोडलेलं क्रेडिट कार्ड काढून टाका. हरलेले पैसे भरून काढायला माणूस रात्री पहिला हात तिथेच घालतो.

शेवटी फोनच्या परवानग्या. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपच्या एसएमएस, संपर्क, फोटो आणि लोकेशनच्या परवानग्या काढा. एपीके फाइल असेल तर आणखी चार ठिकाणी बघा: अ‍ॅक्सेसिबिलिटी, डिव्हाइस अ‍ॅडमिन, 'इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची' परवानगी, आणि अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप टाकण्याची परवानगी. चारही बंद. एजंटाने "मदतीसाठी" स्क्रीन बघणारं एखादं अ‍ॅप टाकायला लावलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ते आत्ताच काढा. सगळं शेवटी काढायचं, या नियमाला हा एकच अपवाद.

तपासा: रद्द केलेल्या प्रत्येक मँडेटपुढे 'रद्द' असं दिसतं का? त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा.

६. खातं बंद करायला सांगा

लॉगआउट होणं म्हणजे खातं बंद होणं नाही. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये किंवा मदत विभागात खातं बंद करण्याची विनंती असते, ती टाका. नसेल तर त्यांच्या ईमेलवर लिहा. एजंटाला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच ओळ पुरे, त्याच्या भाषेत: "मेरी आईडी बंद कर दीजिए, आगे कोई मैसेज या कॉल न करें।" कारण लिहू नका, हिशेब मागू नका, रडगाणं नको, शिवी तर नकोच. उत्तर बहुतेक वेळा मोफत पॉइंटचं येतं. "भैया, दो हज़ार डाल दिए हैं, एक बार देख तो लो." ते उघडून बघायचं नाही. उत्तराचा स्क्रीनशॉट घ्या आणि नंबर ब्लॉक करा.

७. आता डिलीट

या क्रमाने: आधी टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ते सगळे ग्रुप आणि चॅनेल सोडा. मग ब्राउझरमध्ये साइट सेटिंग्जमधून त्या साइटच्या नोटिफिकेशन बंद करा. हे राहिलं तर अ‍ॅप गेल्यावरही रात्री अकराला "तुमचा बोनस संपतोय" येत राहतं. जतन केलेला पासवर्ड आणि कार्डाचा नंबर ब्राउझरमधून पुसा. मग अ‍ॅप काढा. मग डाउनलोड फोल्डरमधली एपीके फाइल. होम स्क्रीनवर साइटचा नुसता शॉर्टकट असेल तर तोही.

फोन बंद करून चालू करा, प्ले स्टोअरमधली 'प्ले प्रोटेक्ट' ही घातक अ‍ॅप शोधणारी तपासणी चालवा. त्यानंतर यूपीआय पिन आणि ईमेलचा पासवर्ड बदला. एपीके होती, तर ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

मग कुलूप. बेटब्लॉकर नावाचं मोफत अ‍ॅप जुगाराच्या साइट अडवतं. मुदत तुम्हीच निवडायची. जमेल तेवढी लांब निवडा. एक महिना लावून बघतो, असं म्हणणारा एकतिसाव्या दिवशी परत येतो, हे मी पाहिलं आहे. रोज नवे पत्ते निघतात, त्यामुळे कोणतंही कुलूप पूर्ण नाही. पाचव्या पायरीतल्या पैशाच्या मर्यादा म्हणूनच जास्त कामाच्या.

८. तक्रार: कुठे, आणि काय लिहायचं नाही

पैसे हरलात आणि तुमची फसवणूक झाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळून हरलेले पैसे तक्रारीने परत येतील, ही आशा ठेवू नका. पण शिल्लक अडकवली, कराच्या नावाने पैसे उकळले, आयडी बंद केली, धमक्या दिल्या, खात्यातून परस्पर पैसे गेले, तर ती फसवणूक आहे. १९३०वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. तिथे मिळालेला पोचक्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ठाण्यात जायचं तर अर्ज हिंदीत लिहून न्या. आपण मनातल्या मनात मराठीत रचतो आणि ऐनवेळी तोंडी सांगताना तारखा चुकतात. अर्ज एका पानाचा असावा, सोबत तिसऱ्या पायरीतला तक्ता आणि छापील स्क्रीनशॉट. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का घ्या.

सगळ्यांत घातक चूक: बँकेला "हे व्यवहार मी केलेच नाहीत" असं लिहून देणं. घाबरलेली मुलं हे करतात. पिन तुम्हीच टाकला होता, ते बँकेला दिसतं. एक खोटी ओळ सापडली की तुमच्या खऱ्या तक्रारीवरचा विश्वासही जातो. जे केलं ते केलं म्हणून लिहा, जे केलं नाही तेवढंच नाकारा.

खातं गोठलं असेल तर शाखेत जाऊन लेखी विचारा: कोणत्या ठाण्याच्या सांगण्यावरून, कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेसाठी. हे तीन तपशील मिळाल्याशिवाय पुढे पत्र कोणाला लिहायचं तेच कळत नाही.

सावध: तक्रार केल्यानंतर "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो" असे फोन येऊ लागतात. वकील, सायबर अधिकारी, कोणीही असल्याचं सांगतील आणि फी आगाऊ मागतील. ही दुसरी फसवणूक असते, आणि पहिल्यात बुडालेला माणूसच हिला लवकर बळी पडतो.

९. घरी सांगणं आणि पुढचे तीस दिवस

घरी सांगायचं ते तक्ता हातात घेऊन, आकडा एकदाच आणि पूर्ण. तीस हजार सांगून नंतर दोन लाख निघाले, तर घरच्यांना पैशांपेक्षा ते खोटं जास्त लागतं. आई-बाबांना सांगताना शेजारी तीच बहीण किंवा वहिनी बसू द्या. आणि घरच्यांना माझी कळकळीची विनंती: त्या दिवशी फक्त ऐका. "आमचं नाक कापलंस" हे वाक्य गिळा. तुमच्यासमोरचा मुलगा रात्रभर जागा आहे, आणि त्याच्या डोक्यात काय चाललं आहे ते तुम्हाला माहीत नाही.

त्याच्या बोलण्यात जीव देण्याची, "मी नसलेलोच बरा" अशी भाषा आली तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ लावा. ही टेली मानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत आणि चोवीस तास. डॉक्टरकडे जायचं तर एम. वाय. हॉस्पिटल आहे, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे. जुगाराचं व्यसन हा जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला आजार आहे, त्याला उपचार आहेत. बाणगंगेचं नाव काढलं की आपल्याकडे लोक बिचकतात. मी दोघांना स्वतः तिथे घेऊन गेले आहे आणि दोघंही आज कामावर जातात.

कर्ज फेडताना घरच्यांनी सगळी रक्कम मुलाच्या हातात देऊ नये. देणेकऱ्याला थेट द्यावी, पावती घ्यावी. आधी जास्त व्याजाची लोन अ‍ॅप्स आणि क्रेडिट कार्ड, मग उसनवारी. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवा, कारण केवायसीसाठी दिलेल्या कागदांवर दुसऱ्याच कोणी कर्ज घेतलं आहे का, ते त्यात दिसतं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावाने किती सिम चालू आहेत तेही बघून घ्या. आधारचं बायोमेट्रिक कुलूप लावा.

पगाराचा दिवस आणि आयपीएलचे दिवस अवघड जातात. पहिले तीन पगार आले की त्याच दिवशी घरखर्च, हप्ते आणि देणी वळती करा आणि हातखर्चासाठी लहान खातं वेगळं ठेवा. रात्री साडेदहानंतर फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा, असं एका घराने ठरवलं होतं. तो नियम आई-बाबांसकट सगळ्यांनी पाळला, म्हणून टिकला.

तिसाव्या दिवशी पुन्हा त्याच शेजारच्या माणसाला बोलवा आणि चार गोष्टी बघा. महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये प्रश्नचिन्हाची एकही नवी ओळ आहे का? ऑटोपेच्या पानावर काही नवं उगवलं आहे का? फोनमध्ये नवी एपीके किंवा नवा ब्राउझर आहे का? तक्रारीच्या पोचक्रमांकावर काही हालचाल झाली का? पहिल्या तिन्हींपैकी काही सापडलं तर वही मिटू नका. नवं पान उघडा, तारीख घाला आणि पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.